उंबऱ्याबाहेरचा मालक

घर बघायला आलेल्या माणसाला अष्टेकर अण्णा पगार विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, मटण-मासे खाता का, तेही विचारत नाहीत. ते त्याला सरळ मोरीत नेतात आणि म्हणतात, "नळ सोड. हां. आता बंद कर."

एवढीच परीक्षा. नळ बंद करताना माणूस शेवटी जो हिसका देतो, त्यावर बंगळुरातल्या बनशंकरीत त्यांच्या तीन मजली घरात त्याला जागा मिळणार की नाही ते ठरतं. "मुरगाळणारा नको," अण्णा सांगतात. "जो नळाची मान मुरगाळतो, तो आधी वायसर खातो, मग दाराची कडी खातो, मग आपलं डोकं खातो." अर्धवट बंद करून हात पुसणारा तर त्याहून नको. इथे कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं आणि मध्ये टँकरवाल्याच्या पाया पडावं लागतं.

माझ्या वेळी मी नळ बंद केला, तर एक थेंब लोंबत राहिला. मी आणखी आवळला. मग मला नळाचीच दया आली आणि मी तो किंचित सैल केला.

"मुरगाळलास," अण्णा म्हणाले, "पण पस्तावलीस. सरी, घर तुझं." कन्नडात 'सरी' म्हणजे ठीक.

एका घरमालकाविषयी मी चांगलं काही लिहीन, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. माझे बाबा नागपुरात भाडेकरूंच्या बाजूने पत्रकं काढतात. आयुष्यभर काढत आलेत. आमच्या घरात पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळायचं. मी अक्षरं शिकले ती बाबांच्या पत्रकांवरून, त्यामुळे माझा 'भ' भटजीचा नव्हता, भाडेकरूचा होता. 'भाडं म्हणजे बिनघामाची कमाई' हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. इथे बंगळुरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली तेव्हाही मी बॅगेत आधी पत्रकांचा गठ्ठा घातला आणि मग स्वेटर. अशा मुलीने घरमालकाचं कौतुक लिहायचं म्हणजे शाकाहार मंडळाच्या सचिवाने खाटकाचा सत्कार करण्यासारखं आहे. पण ते लिहिल्याशिवाय माझी सुटका नाही, आणि का नाही ते पुढे येईलच.

अण्णा मूळचे खानापूरचे. टेलिफोन खात्यात नोकरीला म्हणून बंगळुरात आले आणि इथेच निवृत्त झाले. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि रागावले की दोन्ही. तळमजल्यावर एकटे राहतात. सुमनकाकू जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. वरचे मजले भाड्याने, आणि तेच त्यांचं पेन्शनखेरीजचं उत्पन्न. त्यांची एक खोलीभर हत्यारं आहेत. पाने, पक्कड, करवत, ड्रिल, भिंतीतला ओलावा शोधायचं कसलंसं यंत्रसुद्धा. फक्त मोजायचा टेप नाही.

"माझा फ्रिज या कोनाड्यात बसेल का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. घर तेव्हा रिकामं होतं. अण्णांनी हाताची वीत केली आणि भिंतीवर सुरवंटासारखे चालत गेले. "पाच वीत, चार बोटं. बसतोय."

"टेप आणू का दुकानातून?"

"टेप माझ्या घरात येत नाही," ते म्हणाले, आणि विषय संपला. मी ते त्यांच्या वेडांच्या यादीत टाकून दिलं.

त्या यादीत दुसरं वेड दुधाचं. नवीन घरात गेल्यावर दूध तापवून उतू घालवायची इथली रीत. "हालु उक्कबेकु," अण्णांनी बजावलं. दूध उतू गेलंच पाहिजे. मी अर्थातच त्यांना अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. अर्धा लिटर दूध शेगडीवर सांडणं आणि कुपोषण यांचा संबंधही जोडून दाखवला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? आता ऐक. दूध उतू गेलं की गॅसची नळी नीट बसली का कळतंय. शेगडी पुसावी लागतेय, म्हणजे मोरीला पाणी जातंय का कळतंय. उरलेलं दूध वरखाली वाटावं लागतंय, म्हणजे शेजारी कोण ते कळतंय. देवाला मध्ये कशाला आणतेस गे? तो काय भाडं देतोय?"

मी दूध उतू घालवलं. अण्णा तेव्हा कुठे होते? जिन्यावर. किल्ली माझ्या हातात देऊन ते मागच्या मागे पायताणात शिरले आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले. "गेलं काय उतू?" ते तिथूनच ओरडत होते. "वास येईना अजून!"

किल्ली दिली की त्या घरात मालकाने पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा कायदा. तो ते इतका पाळतात की माझ्या गिझरखालचा पाइप फुटला तेव्हा मोठाच तमाशा झाला. पाणी बैठकीपर्यंत आलेलं, प्लंबर मुरुगन आत, आणि अण्णा जिन्यावर. पाय बाहेर आणि मान आत. मग त्यांनी मुरुगनला व्हिडिओ कॉल केला. दहा पावलांवरून.

"डावीकडे बघ. अय्यो, डावीकडे! ते वाळत घातलेले कपडे नको दाखवू रे, पोरीचं घर आहे! कॅमेरा खाली! हां. तो व्हॉल्व्ह. बंद कर. मुरगाळू नको!"

मुरुगन फोन दातांत धरून पाना फिरवत होता आणि फोनमधून अण्णा त्याच्या हनुवटीला सूचना देत होते. "आत या ना अण्णा," मी वैतागून म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. पाणी उंबरा ओलांडून त्यांच्या पायाशी आलं तेव्हा मात्र ते एक पायरी खाली सरकले.

रविवारी सकाळी अण्णांची शाळा भरते. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, जिथे उभ्यानेच खायचं असतं, एका उंच टेबलाभोवती. विद्यार्थी सगळे छोटे घरमालक. समोरच्या घराचे नंजुंडप्पा कायमचे, कारण ते दरवर्षी नापास होतात. तीस बाय चाळीस फुटांच्या जागेवर त्यांनी इतके मजले चढवलेत की खालच्या भाडेकरूला सूर्य फक्त बातम्यांत दिसतो. दुसरा पुण्याचा श्रीरंग, माझ्याच कंपनीतला. त्याने एक फ्लॅट इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलाय.

"अण्णा, बेसिकली मला यील्ड मॅक्सिमाइझ करायचंय," श्रीरंग म्हणाला.

"म्हणजे काय करायचंय?"

"म्हणजे... भाडं जास्त यायला पाहिजे."

"मग असं मराठीत बोल की. ऐक. जास्त भाडं देणारा वर्षात जातोय. मग घर दोन महिने रिकामं. रिकाम्या घरात मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतंय, मग झुरळं वर येतात, वास सुटतोय, आणि बघायला आलेला नाक धरून परत जातोय. थोडं कमी घे, पण टिकणारा घे. आणि रिकामं असलं तरी आठवड्यानं जाऊन सगळे नळ सोडून ये."

"आणि रंगाचे पैसे?" नंजुंडप्पांनी कन्नडमध्ये विचारलं. भाडेकरू घर सोडतो तेव्हा एका महिन्याचं भाडं रंगासाठी कापायची इथली पद्धत आहे, आणि नंजुंडप्पांना ती फार प्रिय आहे.

"काप," अण्णा म्हणाले. "पण मग रंग दे! तू कापतोस आणि डागावर कॅलेंडर सरकवतोस."

सगळे हसले. अण्णांचे नियम असे कॉफीच्या घोटागणिक यायचे. घर देताना भिंतींचे फोटो काढा आणि ते भाडेकरूलाही पाठवा, म्हणजे उद्या ओरखड्यावरून भांडण नको. विजेचं मीटर ज्याचं त्याला वेगळं. नातेवाइकाला घर देऊ नका, दिलंत तर विकून टाकलं असं समजून द्या. खिळा ठोकायची बंदी घालू नका, "माणूस देवाचा फोटो काय कपाळाला लावणार?" खिळा कुठे ठोकायचा तेवढं सांगा, म्हणजे आतली वायर वाचते.

या शाळेवर मी पहिल्या वर्षी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. अण्णांनी ते वाचून, "दुसऱ्या पानावर करारनाम्याचं चुकलंय," एवढंच सांगितलं होतं. यंदा मात्र मी स्वतःच त्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

झालं असं, की माझी मावशी वारली आणि तिचं नागपूरचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर करून गेली. घरात एक भाडेकरू होती. शीला सिस्टर, खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका, सोबत तिची म्हातारी आई. बाबांनी फोनवर निर्णयच दिला, "राहणाऱ्याचं घर. तिला देऊन टाक." मी म्हटलं, विचार करते. आणि खरोखर विचार करू लागले, तिथेच घोटाळा झाला. कारण मग नागपुरातल्या एका दलालाचा फोन आला.

"ताई, तुमची जागा सोन्यासारखी आहे. सिस्टर देते त्याच्या दीडपट देणारी पार्टी आहे आपल्याकडे. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी मी पाहून घेतो."

दीडपट हा शब्द कानात शिरला आणि माझ्या तत्त्वांना घाम फुटला. बिनघामाची कमाई ती हीच का, हे विचारायला मी थांबले नाही.

टेबलाशी जाऊन मी घसा खाकरला. "अण्णा, माझ्या एका मैत्रिणीचं घर आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग कॉफीकडे. "असणार की. कुठे?"

"नागपूरला."

"मैत्रीण पण नागपूरची? बरं. काय म्हणतेय ती?"

तेव्हापासून दर रविवारी मी त्या मैत्रिणीचे प्रश्न घेऊन जायची. करार नव्याने कसा करायचा, गळती कुणी दुरुस्त करायची, भाडं किती टक्क्यांनी वाढवलं तर माणूस माणसात राहतो. अण्णा चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता उत्तरं द्यायचे. "मैत्रिणीला सांग, दूरच्या घरावर तिथल्याच कुणाचे तरी डोळे लागतात. तिथे एक विश्वासाचा मिस्त्री धर." कधी मैत्रिणीची चौकशी करायचे. "जेवतेय का वेळेवर? का नुसतं बाहेरचं गिळतेय?" श्रीरंग गालात हसायचा. मला त्या टेबलाखाली शिरावंसं वाटायचं.

गेल्या रविवारी मी शेवटचा प्रश्न घेऊन गेले. दलालाने दुसऱ्या दिवशीची दुपार ठरवली होती. "पार्टीले घर दाखवून देतो ताई. सिस्टर रात्रपाळी करून आलेली राहते, दुपारी झोपलेली राहते. म्हातारी दार उघडते. पाच मिनिटांचं काम. आधी पार्टीच्या पसंतीस उतरू द्या, मग तिला सांगू सोडाले." मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. मला अण्णांच्या तोंडून परवानगी हवी होती.

"अण्णा, मैत्रीण विचारतेय. घरात माणूस राहत असताना नवीन गिऱ्हाईक घर बघायला नेलं तर चालतं ना? तिला अजून सांगितलेलं नाही. ती झोपलेली असते त्या वेळी."

नंजुंडप्पा मध्येच म्हणाले, "न दाखवता घर जाणार कसं?" अण्णांनी अर्धी कॉफी तशीच ठेवली, पिशवी उचलली आणि निघून गेले. श्रीरंग म्हणाला, "काय झालं यांना?" मला काय झालं ते कळलं नव्हतं, पण कान तापले होते.

संध्याकाळी दार उघडलं तर अण्णा माझ्या मजल्याच्या जिन्यावर, प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले. हे स्टूल तिथे कायम असतं. ते रोज संध्याकाळी तिथे बसतात आणि जिन्याचा लोखंडी कठडा हलतो का बघतोय असं सांगतात.

"आत या ना अण्णा."

"नको."

मी उंबऱ्यात उभी राहिले. ते कठड्याकडे बघत बोलू लागले.

"लग्न झालं तेव्हा आम्ही वठारात, म्हणजे इथल्या चाळीत राहायचो. एक खोली, पुढे पडवी, मालकाचं घर समोरच. आमची सुमन बाळंतपणाला इथल्याच दवाखान्यात होती. बाळ मेलेलंच आलं. तिला घरी आणली. आणून दोन दिवस झाले असतील नसतील. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. तेवढ्यात मालक आला. त्याला भाडं वाढवून दुसऱ्याला खोली द्यायची होती. सोबत एक कुटुंब. दार काय, ढकललं आणि आले. तुझ्या त्या मैत्रिणीसारखंच, त्यानंही आम्हांला काही सांगितलेलं नव्हतं."

अण्णांनी कठड्यावरून हात फिरवला.

"त्या बाईला विचारायचं होतं, खाटेच्या जागी आपलं कपाट बसेल का. मालकानं खिशातनं टेप काढला. भिंतीला एक टोक लावायला कोण पाहिजे की नाही? मला म्हणाला, अष्टेकर, जरा धर." अण्णा थांबले. "मी धरला."

खालच्या गल्लीतून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"खाटेवरनं टेप गेला गे. तिच्या अंगावरनं. तिनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. आणि मी टोक धरून उभा. म्हणायला पाहिजे होतं, बाहेर व्हा. तोंडातनं शब्द आला नाही. उलट सरळ धरला, माप चुकू नये म्हणून." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, ज्या हाताने ते आता विती मोजतात. "ती मला कधी काही बोलली नाही. हे घर बांधलं तेव्हा एवढंच म्हणाली, आपण कुणाच्या घरात शिरायचं नाही. मी म्हटलं, सरी."

मी आत जाऊन फोन घेऊन आले. आतून बोलायची हिंमत नव्हती, म्हणून जिन्यावरच उभी राहिले. दलालाला सांगितलं, उद्या जायचं नाही, परवाही नाही. "अहो ताई, पार्टी हातची जाईन ना," तो म्हणत राहिला. मी फोन ठेवला आणि शीला सिस्टरला लावला. आयुष्यात पहिल्यांदा मला सांगावं लागलं, "सिस्टर, मी घरमालक बोलतेय." तो शब्द तोंडातून निघताना बाबांची सगळी पत्रकं माझ्याकडे बघत होती.

पलीकडून बारीक आवाज, "घर खाली करायचं आहे का ताई? मला थोडा वेळ लागेल हो. आईले जिने चढवत नाहीत, तळमजलाच पाहावा लागेल."

म्हणजे तिला वास लागला होता. दलाल परस्पर जाऊन चक्कर मारून आला असणार.

"नाही सिस्टर. कुणी दार वाजवलं तर उघडू नका. कुणालाही. मी आले तरी आधी फोन करून येईन." मग काय बोलावं सुचेना, आणि तोंडातून निघालं, "नळ गळतो का कुठला?"

"मोरीतला गळते जी," ती म्हणाली. "वर्ष झालं. पण आम्ही खाली बादली ठेवतो, सांगितलं नाही."

मी फोन ठेवला. अण्णा अजून कठड्याकडेच बघत होते.

"काय म्हणतेय मैत्रीण?"

"मैत्रीण नाही अण्णा," मी म्हटलं. "मीच ती."

"ठाऊक आहे की," ते म्हणाले. "वायसर बदलून दे तिला. पितळी बसव. प्लास्टिक टिकत नाही."

मी माझ्या स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली, उंबऱ्यावरून बाहेर काढली आणि त्यांच्या स्टुलाशेजारी ठेवली. जिना अरुंद. दोघांचे गुडघे कठड्याला लागत होते. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. अण्णांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा सैल पडला, वाट बघितलेला एखादा निरोप पोचल्यासारखा.

तेव्हा मला कळलं की कठडा तपासायला रोज संध्याकाळी कुणी बसत नाही.

"वरच्यांची डाळ शिजली," ते म्हणाले. थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, जरा लाजतच: "तुझ्या मजल्यावरनं कधी आवाज येत नाही गे. रोज ते पिशवीतलं खातेस."

"आज लावते कुकर."

"लाव की. मी इथेच आहे."

मी आत गेले. तांदूळ धुतले, नळ बंद केला, मुरगाळला नाही. दार सताड उघडं ठेवलं.